जैतूनखालाचं कापड

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. नवऱ्याजवळ नाही. अम्मी होती तोवर तिच्याजवळही नाही. नमाज झाल्यावर दुआला हात उचलते, तेव्हा या गोष्टीच्या जवळ आलं की मी घाईनं पुढं सरकते — पोरांची तब्येत, धंद्यात बरकत — जसं काही वरच्याच्या लक्षातच येणार नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर सांगितलं असतं का? नसतं. निदान एवढं तरी खरं बोलून सुरुवात करते.

आमची कोल्हापुरात बेकरी आहे. खारी, टोस्ट, नानकटाई. गल्ल्यावर मी बसते आणि तोंडानं फटकळ म्हणून गल्लीत माझं नाव आहे. कालचा पाव आजचा म्हणून खपवायचा नाही, हा माझा दंडक. एकदा कामगारानं तसा खपवला तर गिऱ्हाइकासमोर त्याची अशी बिनपाण्यानं केली की बिचारा चार दिवस माझ्याकडं बघत नव्हता. लोक म्हणतात, शबाना तोंडाची वाईट पण व्यवहाराला चोख. मी ऐकून घेते. काय करणार? नाही म्हणायचं, तर का नाही ते सांगावं लागेल.

जैतूनखाला आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. नात्यानं खाला, म्हणजे मावशी नव्हे, पण आई जे करते ते सगळं तिनं माझं केलं. अम्मी आजारी असायची, त्यामुळं माझी दोन्ही बाळंतपणं खालानं काढली. पोरांना पायावर घेऊन न्हाऊ घातलं, मला शेकशेगडी दिली, आणि मी कुरकुरले की शिव्याही दिल्या. धंदा बांगड्यांचा. लग्नघरी जाऊन चुडा भरायची. मराठ्याचं घर असो, जैनाचं असो, खाला आली की तिला आधी चहा, मग बाकीचं. नवरीचा हात दाबून दाबून असा मऊ करायची की बांगडी कधी चढली ते नवरीला कळायचं नाही. नवरा लवकर गेलेला, एक मुलगी, ती इचलकरंजीला दिलेली. गुडघ्यांनी पार दगा दिलेला. मक्केचं नाव निघालं की म्हणायची, “माझी धाव पन्हाळ्याच्या पिरापातूर.” आणि हसायची.

आम्ही नवरा-बायको उमऱ्याला निघालो — उमरा म्हणजे मक्का-मदिनेची यात्राच, हजपेक्षा छोटी — तेव्हा खाला काठी टेकत आली. काखेत हिरव्या ओढणीत बांधलेलं गाठोडं. आमच्यात एक रीत आहे. ज्याला स्वतः जाणं जमत नाही, तो जाणाऱ्याजवळ आपल्या कफनाचं कापड देतो. तिकडं जमजमच्या, म्हणजे मक्केतल्या पवित्र विहिरीच्या पाण्यात ते भिजवायचं, वाळवायचं आणि परत आणायचं. मग ते पेटीत जपून ठेवतात आणि वेळ आली की त्याच कापडात माणसाला गुंडाळतात. खालानं पांढरं सुती कापड घेतलं होतं. गाठोडं माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, “कुनाच्या हातात देऊ नगंस, शबू. तुज्या हातानं भिजव.”

मी हो म्हणाले. मनापासून म्हणाले. खोटं बोलायचं म्हणून कुणी हो म्हणतं का?

मक्केत पहिल्यांदा काबा समोर दिसला तेव्हा मी रडले. ते रडणंही खरं होतं. पण खाली उतरलं की बाजार! आणि कोल्हापूरची बाई भाव करायचं सोडते होय? अरबी येत नाही, इंग्रजी जेमतेम, तरी मी खुणांनी घासाघीस करून दुकानदारांना घाम फोडला. येताना प्रत्येकाला काहीतरी आणावंच लागतं. तसबिया म्हणजे जपाच्या माळा, टोप्या, नमाजाला अंथरायचे जानमाज, अत्तराच्या कुप्या, अजवा खजूर, पोरांना चावीचे उंट. माझ्यासाठी कहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, सोनेरी नक्षीचा कपबशांचा सेट. आणि नणंदेसाठी ब्लँकेट. तिनं फोनवर बजावून सांगितलेलं — दुहेरी, मखमली, वाघाच्या चित्राचं. ते सापडेपर्यंत मी सगळी गल्ली पालथी घातली. जातानाची चटणी-भडंग संपल्यामुळं बॅगेत जी जागा झाली होती ती पहिल्या दोन फेऱ्यांतच भरली.

आणि खालाचं कापड? ते बॅगेच्या तळाशी. उद्या भिजवू. उद्या. परतीच्या दिवशी सकाळी आठवण झाली. हरममधून, म्हणजे काब्याच्या मशिदीतून जमजमच्या बाटल्या भरभरून आणल्या, हॉटेलच्या बादलीत कापड भिजवलं, पिळलं, खुर्चीवर पसरलं. म्हणजे भिजवलं मी. माझ्या हातानं भिजवलं. पण ते वाळायला वेळ कुठं होता? ओलंच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलं, वरून ती हिरवी ओढणी, आणि निघालो.

आता विमानतळाचं सांगायचं. इथवर भराभर बोलले, आता जीभ जड होतेय.

बॅग काट्यावर चढली. काउंटरवरच्या माणसानं मान हलवली आणि हातानं खूण केली — काढा. नवरा वजूला, नमाजाआधीचे हातपाय धुवायला गेला होता. मागं रांग. मी फरशीवरच बॅग उघडून बसले, आणि सगळ्या जगासमोर आमचा संसार पसरला. जमजमचा कॅन वेगळा जातो, त्याचा प्रश्न नव्हता. काढायचं काय? खजूर काढला तर सासूबाई काय म्हणतील? ब्लँकेट काढलं तर नणंद जन्मभर ऐकवेल. कहव्याचा सेट तर मी हातातच धरला होता, खोक्यासकट, फुटू नये म्हणून. ओलं कापड किती जड होतं ते तुम्हाला काय सांगू. माझा हात त्याच्यावर गेला आणि मनात जे आलं ते जसंच्या तसं सांगते. मनात आलं — पांढरं कापड काय, कुठंही मिळतं.

मी ते ओढणीसकट तिथं ठेवलं. कचऱ्याच्या डब्याजवळ, खांबाच्या आडोशाला. ठेवलं म्हणते, बघा अजून. टाकलं. खालाचं कफन मी टाकलं आणि वाघाचं ब्लँकेट घरी आणलं. कापड हातावर घेऊन येता आलं नसतं का? आलं असतं की. खांद्यावर टाकलं असतं तरी वाटेत वाळलं असतं. पण हातात कपबशा होत्या ना.

तुम्हाला वाटेल, हेच ते. नाही. हे मी खालाला येऊन सांगितलं असतं तर तिनं चार शिव्या हासडल्या असत्या, थोडी रडली असती, आणि मग पोरांना हाका मारत बसली असती. खरं पुढंच आहे.

घरी पोचलो तर माणसांची रीघ लागली. गळाभेटी, हार, खजूर, जमजमचे एवढेएवढे घोट. खालाला त्या दिवशी ताप होता म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी दूध आणायला म्हणून बाहेर पडले आणि तसंच कापड घेऊन आले, आम्हाला कुणी ओळखत नाही अशा पेठेतल्या दुकानातून. नवीन कापड कोरं, खळीचं, कडक. ते भिजवायला हवं. आणि इथं ऐका — जमजमचा एक अख्खा कॅन स्वयंपाकघरात उभा होता. सीलबंद. हात लांब केला असता तर पोचला असता. त्यातलं थोडं पाणी ओतलं असतं, तरी निम्मं खोटं धुऊन निघालं असतं.

मी नळ सोडला.

का? कॅन शुक्रवारच्या दावतीसाठी ठेवलेला होता. फोडला असता तर सासूबाईंनी विचारलं असतं, कशाला फोडलास? मग कापडाचं निघालं असतं, विमानतळाचं निघालं असतं, आणि ब्लँकेटचंही. नुसत्या एका प्रश्नाला घाबरून मी खालाचं कफन म्युन्सिपाल्टीच्या पाण्यात भिजवलं. गच्चीवर वाळवलं. घडी घातली. पाण्याला औषधाचा वास येत होता म्हणून वर मदिनेचं अत्तर शिंपडलं. एवढी हुशारी आपल्यात होती, हे मलाही त्या दिवशीच कळलं.

खालानं कापड दोन्ही हातांनी घेतलं. डोळ्यांना लावलं. वास घेतला आणि कितीतरी वेळ तोंड त्यातून बाहेरच काढलं नाही. मग ओढणी विचारली. मी म्हणाले, गडबडीत तिकडंच राहिली गं. मला वाटलं, आता पकडली जाणार. तर तिचा चेहरा असा फुलला! “ऱ्हाऊ दे की! मी न्हाय तर माझी वडनी तरी मक्केला ऱ्हायली.” हे तिनं नंतर सगळ्या गल्लीला सांगितलं. चुडा भरायला जाईल तिथं सांगितलं. हिंदूंच्या बायकासुद्धा मला बेकरीत येऊन विचारायच्या, तुम्हीच का त्या, खालाची ओढणी ठेवून आलेल्या? मी पावाची लादी बांधता बांधता मान हलवायची.

सांगायला वेळ नव्हता का? वर्षं होती. दर रमजानला ती कापड पेटीतून काढून ऊन द्यायची, आमच्याच गच्चीवर, मला वर चढवून. मी ते दोरीवर पसरायची, चिमटे लावायची आणि खाली येऊन इफ्तारीची भजी तळायची. ब्लँकेट नणंदेनं माळ्यावर टाकलं. कोल्हापुरात तेवढी थंडी पडते कुठं?

शिकलेले लोक सांगतात की कापडानं काही होत नाही, माणसाबरोबर त्याची करणी जाते. खरंच असेल. त्यानं खालाचं काही अडायचं नाही, हे मलाही कळतं. पण मी तिला कापड दिलं नव्हतंच. माझा शब्द दिला होता, आणि तो घेऊन ती गेली.

ती गेली तेव्हा गुसलला, म्हणजे मयताला आंघोळ घालायला, मी होते. तिच्या मुलीनंच हाक मारली — तू तिची पोरगीच. तिच्या हातांवर मी पाणी घातलं. ते हात इतके लहान असतील असं कधी वाटलं नव्हतं. मग पेटीतलं कापड आलं. बायका एकमेकींना सांगत होत्या, जमजमचं आहे, नशीब लागतं. माझ्या कपाटात तेव्हाही जमजमची बाटली होती, अर्धी. धावत जाऊन आणली असती, चार थेंब शिंपडले असते तर कुणी अडवलं असतं? पण कुणीतरी म्हटलं असतं, जमजमनं भिजवलेल्यावर परत जमजम कशाला? पुन्हा तोच एक प्रश्न. मी कापराचा चुरा हातात घेऊन उभी राहिले. कापड उलगडलं तेव्हा त्याची एक बाजू मी धरली होती.

आता एकच राहिलं. ते मी मुद्दाम मागं ठेवलं होतं, कदाचित सांगावं लागणार नाही म्हणून.

खाला अंथरुणाला खिळली तेव्हा तिनं एकेकाला बोलावून घेतलं. जाणारं माणूस चुकलं-माकलं माफ करून घेतं, तशी पद्धतच आहे. दूधवाल्याला बोलावलं, माझ्या सासूबाईंना बोलावलं. मग मला. दुपारची वेळ, तिची मुलगी आत पेज करत होती. खालानं माझा हात हातात घेतला आणि जुन्या सवयीनं दाबत राहिली, बांगडी भरायच्या आधी दाबायची तसा.

“शबू, तुजा एक गुन्हा हाय माज्यावर,” ती म्हणाली. “तू मक्केला गेलतीस तवा माझ्या मनात वंगाळ आलतं. म्हनलं, ही पोरगी खरेदीच्या नादात माझं कापड तिकडंच टाकून येती बघ. तू आनलंस, आन मी असलं चिंतलं. माफ कर मला.”

माझा हात तिच्या हातात होता. आत पेजेचं भांडं वाजत होतं. ती माझ्याकडं बघत होती, वाट बघत होती.

मी म्हणाले, “माफ केलं, खाला.”