नेमकी कुठली लाइन?

आत्या वीज खात्यात लागली तेव्हा आजोबा चांगलेच बिथरले. "पोरीनं या लाइनीत कशाला जायचं?" ते म्हणाले.

"तारा जोडायला, बाबा," आत्या म्हणाली आणि हसू दाबत आत निघून गेली.

गल्लीतल्या टवाळांच्या तर हातात कोलीतच मिळालं. कमरेला पट्टा बांधून ती खांबावर चढली की खालून कुणीतरी हमखास म्हणायचं, "बघा, दिवसाढवळ्या लाइन मारतेय." आत्या वरूनच सुनवायची, "मारत नाही, जोडतेय. तुझ्या घरची तोडू का?" तो मुकाट्यानं चालू लागायचा.

एका दुपारी वावटळीत भलीमोठी फांदी आमच्या इमारतीसमोरच्या तारांवर कोसळली. एक तार तुटून लोंबकळू लागली, अर्ध्या वस्तीची वीज गेली. आत्या आणि तिच्याबरोबर काम करणारे मिस्त्री शिडी घेऊन धावत आले. आम्ही सगळे गॅलरीत. आजोबा कठडा घट्ट धरून.

आत्यानं स्पीकरवर कंट्रोल रूमला फोन लावला. "लाइन बंद झाली का?"

"झाली, झाली," ऑपरेटर घाईत म्हणाला. त्याच्यामागे फोनांचा नुसता गलका चालला होता.

आत्या सरसर वर चढली. तारेला हात लावण्याआधी तिनं लांब काठीचा टेस्टर पुढे केला, आणि त्याचा लाल दिवा भक्कन पेटला. वीज चालूच होती! आत्या मात्र जराही न गडबडता एकेक पाय टाकत खाली आली. तिनं पुन्हा फोन लावला.

"दादा, नेमकी कुठली लाइन बंद झाली?"

"तक्रारीच्या एका फोनची. मघापासून मुकी झालीय. तुम्ही तेच विचारताय ना?"

आत्या शांतपणे म्हणाली, "मी खांबावरच्या तारेचं विचारतेय. शाळेमागच्या ट्रान्सफॉर्मरची वीज बंद करा, आणि केलीत की 'वीज बंद' असंच सांगा."

पलीकडे पळापळ ऐकू आली. मग ऑपरेटर अडखळत म्हणाला, "वीज बंद. शाळेमागची. ताई, तुम्ही ठीक आहात ना?"

"ठीक आहे. घाबरू नका, फोन धरून ठेवा."

ती पुन्हा चढली. टेस्टरचा दिवा आता पेटला नाही. तिनं फांदी छाटून खाली सोडली, नवी तार ओढली, पकडीनं आवळली. हात कसे भराभर चालत होते! ती खाली उतरून बाजूला झाली, मिस्त्रींनी फोनवर 'वीज चालू करा' असं सांगितलं, आणि सगळ्या गल्लीत एकदम पंखे फिरू लागले, कुणाचा तरी रेडिओ अर्ध्या गाण्यातून ओरडला. लोक टाळ्या पिटत रस्त्यावर आले. आजोबा अनवाणीच जिना उतरले. त्यांनी तिचा काळवंडलेला हात दोन्ही हातांत धरला, कितीतरी वेळ.

त्या आठवड्यात वीज खात्याच्या साहेबांनी फर्मान काढलं: कामाच्या फोनवर 'लाइन' हा शब्द बंद. तार म्हणा, फोन म्हणा, रांग म्हणा. सुरुवातीला भलतीच तारांबळ उडाली. बिलाच्या खिडकीवरचा कारकून एकदा घाबराघुबरा होऊन फोनवर म्हणाला, "बाहेर लांबलचक तार लागलीय, लोक चिडलेत." मिस्त्री शिडी उचलून तिकडे निघालेसुद्धा.

आता आत्याच्या हाताखाली सहा जणांची तुकडी आहे. त्यातल्या दोघी मुली आहेत, आणि खांबावर आधी कोण चढणार यावरून त्यांची रोज सकाळी जुंपते.