काळ्या बोकडाचा कान आणि फुल एचडी

"हा तो बोकड नाहीच," सर म्हणाले. "टीव्हीवर मी निवडला तो पूर्ण काळा होता. याच्या कानावर पांढरं आहे. बोकड बदललाय."

जब्बारभाईंच्या दुकानात एकदम शांतता झाली. शेळ्या-बोकडांचा व्यापार होतो तिथे शांतता होणं ही तशी दुर्मिळ गोष्ट. दारात दोरी धरून धनगर भिवा अण्णा उभे होते. दोरीच्या दुसऱ्या टोकाला तो बोकड. त्याला या चर्चेत काडीचा रस नव्हता, तो भिंतीवरचं कॅलेंडर खात होता.

मी कोपऱ्यात चहा पीत होतो. पाटोद्यात तीस वर्षं मी टीव्ही दुरुस्त करतो. लोक मला मिस्त्री म्हणतात. दुकानाच्या पाटीवर मी 'टेक्निशियन' लिहून घेतलंय, पण ते वाचून आजवर कुणी आत आलेलं नाही. ज्या टीव्हीवर सरांनी बोकड निवडला, तो मीच बसवलेला होता.

आधी ही टीव्हीची भानगड सांगतो. पूर्वी गिऱ्हाईक जनावर बघायला धनगरांच्या वाडीवर जायचं. उन्हातून, गाडीवाटेनं, कपड्यांना काटे लावून घेत. मग जब्बारभाईंच्या डोक्यात आलं की जमाना बदलला, आता गिऱ्हाइकाला गादीवर बसवून जनावर दाखवायचं. धनगरांनी मोबाईलवर व्हिडिओ काढायचा, नेटवर चढवायचा, जब्बारभाईंनी तो मोठ्या टीव्हीवर लावायचा. पसंत पडलं की जनावर टेम्पोत. त्यांनी त्रेचाळीस इंची फुल एचडी टीव्ही आणला आणि मला विचारलं, "मिस्त्री, नेटचा बॉक्स कसला लावू? फुल एचडीवाला लागंल का साधा चालंल?"

बॉक्स म्हणजे टीव्हीच्या मागे लावायची साबणाच्या वडीएवढी डबी. ती नेटवरून व्हिडिओ घेते आणि टीव्हीला देते. आता फुल एचडी म्हणजे काय, तर चित्र ठिपक्यांचं बनतं, आपल्या रांगोळीसारखं. ठिपके जास्त तर नक्षी बारीक. फुल एचडीत एका चित्राला वीस लाखांवर ठिपके असतात. त्याच्या खालच्या, नुसत्या एचडीत नऊ लाखांच्या आसपास. बॉक्सला नऊ लाखच झेपत असतील तर तो नेटवर तसं सांगतो आणि समोरून तेवढंच येतं. पुढे टीव्ही कितीही भारी असला तरी नसलेले ठिपके तो कुठून आणणार?

हे मला तेव्हाही इतकंच माहीत होतं. तरी मी काय म्हणालो? "जब्बारभाई, बोकडाला कशाला फुल एचडी? तो काय सिनेमात काम करतो का?" दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. आणि माझ्याकडचा नऊ लाखवाला बॉक्स लावून दिला. खोक्यावर HD एवढं मोठं छापलेलं होतं की खालचं बारीक अक्षर वाचायची कुणाला गरजच वाटली नाही.

आता सरांविषयी. सर अंबाजोगाईचे, निवृत्त प्राध्यापक. निवृत्तीनंतर त्यांनी शेळीपालन करायचं ठरवलं आणि ते जसं करायला हवं तसं केलं, म्हणजे मोबाईलवर व्हिडिओ बघून. शेड बांधलं. शेडला पंखे लावले. शेळ्यांना पाणी प्यायला आपोआप भरणारी भांडी आणली. फक्त शेळ्या यायच्या बाकी होत्या. कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी ऐकलं होतं की अस्सल जातीच्या बोकडाच्या अंगावर पांढरा केस नसतो. आमच्याकडच्या काळ्या शेळ्यांच्या कानांवर पिढ्यान् पिढ्या पांढरे ठिपके आहेत, पण व्हिडिओवाल्याने आमच्या शेळ्यांना विचारलं नव्हतं.

तर सर आदल्या आठवड्यात आले, गादीवर बसले, सहा व्हिडिओ पाहिले आणि पैदाशीसाठी एक बोकड निवडला. "हा शंभर टक्के काळा," म्हणाले. तो भिवा अण्णांचा. आज अण्णा तो टेम्पोत घालून घेऊन आले, आणि सरांनी त्याचा कान उलटून पाहिला. कानाच्या कडेला तीन पांढरे ठिपके. तिळापेक्षा जरा मोठे, उडदापेक्षा लहान.

"सर, ह्योच हाय तो," अण्णा म्हणाले. "माझ्या हातनं न्हाणलेलं जनावर हाय. दुसरं कुठलं आणू?"

"मी डोळ्यांनी पाहिलंय. माझा चष्मा नवा आहे."

"आन् माझं जनावर माझं हाय!"

जब्बारभाईंनी मोबाईल काढला. "सर, हा बघा व्हिडिओ. मोठा करून बघा कान."

"मोबाईलवर काय, काहीही करता येतं," सर म्हणाले. "एडिट करतात. मी टीव्हीवर पाहिलंय, मला टीव्हीवर दाखवा."

आता मोबाईलवरचा आणि टीव्हीवरचा व्हिडिओ एकच असतो, एवढं साधं. पण आयुष्यभर ज्यांनी शिकवलं त्यांना शिकवायचं कुणी? जब्बारभाईंनी टीव्हीवर व्हिडिओ लावला. बोकड चालत आला, थांबला, मान वळवली. कान काळा कुळकुळीत. पांढऱ्याचं नाव नाही.

"बघा!" सर म्हणाले. एखादं प्रमेय सिद्ध झाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. "ही सरळ फसवणूक आहे. कड्याच्या बाजारात जाऊन सांगतो मी, हा माणूस जनावर दाखवतो एक आणि देतो एक."

भिवा अण्णांचा चेहरा पडला. त्यांचं सगळं चालतं ते कडा गावच्या आठवडी बाजारावर. तिथे जनावराला पावती नसते, गॅरंटी कार्ड नसतं. माणसाचा शब्द हीच गॅरंटी. एकदा 'बदली मारतो' असं नाव पडलं की त्या माणसाच्या जनावराजवळ कुणी थांबत नाही, दातसुद्धा बघत नाही. आणि बाजारातली दोन माणसं त्या वेळी दुकानातच बसलेली होती. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं ते मला दिसलं.

अण्णा माझ्याकडे वळले. "मिस्तरी, तुमी टीव्हीतले जाणते. तुमीच सांगा की. कान ह्योच हाय का न्हाई?"

खरं कारण मला केव्हाच कळलेलं होतं. सर पहिलं वाक्य बोलले तेव्हाच कळलं होतं. दुरून काढलेला व्हिडिओ, त्यात नखाएवढा कान, त्यात तिळाएवढे ठिपके. नऊ लाखांत ते काळ्यात मिसळून जाणार, हे सांगायला टेक्निशियन लागत नाही. आणि मी काय बोललो?

"नेटवर्कचा प्रॉब्लेम असतो कधी कधी," मी म्हणालो.

आमच्या धंद्यातलं हे फार उपयोगी वाक्य आहे. नेटवर्क कुणाचंच नसतं, त्यामुळे ते भांडायला येत नाही.

"नेटवर्कने ठिपके पुसले का?" सर म्हणाले. पहिल्यांदाच ते बरोबर बोलत होते.

अण्णांनी दोरी हाताला गुंडाळायला सुरुवात केली. मला लाज वाटली. तीस वर्षांत अनेकदा वाटायला हवी होती, पण त्या दिवशी खरोखर वाटली. पेला खाली ठेवला आणि म्हणालो, "पाच मिनिटं थांबा. कुणी जाऊ नका."

माझं दुकान रस्त्यापलीकडे. फुल एचडीचा बॉक्स उचलला, आलो, जुना काढला, नवा लावला. वाय-फायचा पासवर्ड घालताना जब्बारभाईंना चार वेळा विचारावा लागला, कारण दर वेळी ते वेगळा सांगत होते. मग तोच व्हिडिओ लावला. बोकड चालत आला, थांबला, मान वळवली. मी तिथेच थांबवला.

कानाच्या कडेला तीन ठिपके. मोजून तीन.

कुणीतरी खऱ्या बोकडाला ओढत टीव्हीजवळ आणलं. कानाला कान लावून बघितला. बोकडाने टीव्हीतल्या बोकडाला ढुशी मारायचा प्रयत्न केला, तेवढं मात्र जब्बारभाईंनी वाचवलं.

"अच्छा," सर म्हणाले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे तांत्रिक गैरसमज झाला." मग जरा थांबून म्हणाले, "ठीक आहे, मी घेतो. पण ठिपके आहेत म्हटल्यावर थोडं कमी करायला हवं, नाही का?"

भिवा अण्णांनी दोरी सोडवली आणि बोकड दाराकडे वळवला. "सर, तुमाला न्हाई द्यायचं ह्ये जनावर."

"अहो, पण आता सिद्ध झालं ना!"

"टीव्हीला पटलं म्हून मी खरा. टीव्ही नसता तर चोर. अशा घरी न्हाई देत मी."

जब्बारभाई मध्ये पडले. सर म्हणाले, ठरलेलंच देतो, एक पैसा कमी नको. अण्णांनी मान हलवली नाही. जाता जाता ते माझ्यापाशी थांबले. मला वाटलं आभार मानतील. माणसाला काय वाटावं याला काही धरबंध नसतो.

"मिस्तरी, जुना बॉक्स तुमीच लावलता?"

"हो."

"मग बाजाराच्या दिशी कड्याला या. दुपारपतूर हितली दोन माणसं तिकडं बदलीचं तेवढंच बोलून मोकळी व्हतील. मी सांगितलं तर कोण ऐकंल? तुमी सांगा."

बॉक्स फुकट बदलून देणं सोपं होतं. ते मी त्याच दिवशी केलं, वर वायरही नवी दिली. कड्याला जाणं अवघड होतं. तीन दिवस मी कारणं शोधली. एक दुरुस्तीचं काम मुद्दाम लांबवलं, पण तो टीव्ही नको तितक्या लवकर चालू झाला.

बाजाराच्या दिवशी गेलो. अण्णा आठ-दहा जनावरं घेऊन उभे होते आणि त्यांच्याभोवती मोकळी जागा होती. बाकी बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. मी व्यापाऱ्यांच्या घोळक्यात जाऊन सांगितलं की अण्णांनी जनावर बदललेलं नाही, दोष बॉक्सचा होता.

"बॉक्सचा म्हंजे?" एकाने विचारलं.

मी ठिपके समजावले. नऊ लाख, वीस लाख. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. जनावरांच्या बाजारात फुल एचडीवर व्याख्यान देणारा मी बहुधा पहिलाच. शेवटी एक म्हातारा बागवान पुढे आला. तो फळं विकतो, त्याचा बोकडाशी काही संबंध नव्हता.

"म्हंजे त्या डबीत बारीक दिसत न्हाई, ह्ये तुमाला आधीच ठावं होतं?"

"होतं."

"मग कावून बसिवली?"

मला नेटवर्क आठवलं. जब्बारभाईंनीच साधा मागितला होता, असंही म्हणता आलं असतं. अण्णा माझ्याकडे बघत होते.

"दुकानात दोन वर्षं पडून होती," मी म्हणालो. "खपवायची होती."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. म्हाताऱ्याने मान डोलवली आणि आपल्या मोसंब्यांकडे निघून गेला. थोड्या वेळाने एक व्यापारी अण्णांच्या जनावरांपाशी जाऊन थांबला आणि एकाचे दात बघायला लागला. अण्णांनी जनावराचं तोंड उघडून धरलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, कामात होते.

तीन ठिपक्यांचा बोकड त्या दिवशी आष्टीकडच्या एका माणसाने नेला. सरांनी नंतर दुसऱ्या कुणाकडून शंभर टक्के काळा बोकड घेतला म्हणे, प्रत्यक्ष जाऊन, कान बघून. जब्बारभाईंचा टीव्ही चालू आहे, चित्र झकास येतं.

अजूनही लोक विचारतात, बॉक्सला फुल एचडी लागतंच का? गाण्याला, बातम्यांना, मालिकांना नाही लागलं तरी जग थांबत नाही. पण त्या चित्रावर कुणाची अब्रू ठरणार असेल तर लागतं. हे मला आधीपासून माहीत होतं, आणि माझ्या चुकीत सगळ्यात वाईट भाग तोच होता.