अर्धा शिकवलेला मसाला

आज आयर्नच्या गोळ्यांची पट्टी फोडली आणि त्या गंजट वासानं वीसेक वर्षांपूर्वीचं आमचं नवघरचं स्वयंपाकघर आठवलं. रक्त कमी म्हणून सासूबाईंना याच गोळ्या सुरू झाल्या होत्या. एरवी मला मसाल्याच्या डब्याला हात लावू न देणाऱ्या त्या, अचानक गोडा मसाला शिकवायला बसल्या. मी हरखले. दगडफूल भाजता भाजता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. “शी काळी होतेय गं. माझं काही खरं नाही.” रिक्षा करून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नीट तपासलं आणि ते हसले, “काकू, गोळ्यांमुळे होतं तसं.” परतताना मला वाटलं, आता भीती गेली, डबा पुन्हा बंद होणार. घरात शिरताच त्या म्हणाल्या, “अर्धाच शिकवलाय. ये.” आज मी माझी गोळी गिळली आणि मसाला भाजायला लेकीला हाक मारली.