ठोकळा निवेपर्यंत

पन्नाशी उलटल्यावर, तेही कारखान्यातल्या एका यंत्राविषयी, मी लिहायला बसावे हे मलाच आगाऊपणाचे वाटते; वाचकांनी ते पोटात घालावे. खरे तर सांगायचे आहे ते यंत्राशेजारी बसणाऱ्या एका बाईंविषयी. पण यंत्र वगळून त्या मला आठवतच नाहीत.

भिलाईतल्या आमच्या प्रयोगशाळेत तापमान मोजणारे सेन्सर तपासणीला येतात. त्यासाठीच्या ड्राय ब्लॉकला आम्ही ठोकळाच म्हणतो. विजेवर तापणारा धातूचा ठोकळा, त्यात उभी छिद्रे. एका छिद्रात खात्रीचा सेन्सर, दुसऱ्यात तपासायचा. तापमान स्थिरावले की दोघांचे आकडे ताडून पाहायचे. माझ्या वरिष्ठ, ज्यांना मी ताई म्हणत असे, प्रत्येक सेन्सर आधी कोरड्या फडक्याने पुसत. छिद्रात तेलाचा थेंबही जाता कामा नये, आणि अडणारा सेन्सर जोर करून ढकलायचा नाही. काम संपले तरी गरम ठोकळा बंद करायचा नाही, कारण त्याला निववणारा आतला पंखाही थांबतो. शिवाय तापलेला ठोकळा थंड ठोकळ्यासारखाच दिसतो. म्हणून तो निवेपर्यंत कोणीतरी जवळ बसायचे, हा ताईंनी घालून दिलेला रिवाज.

दिवसभर तिथे हिंदी चाले. निवण्याच्या वेळी आम्ही दोघीच उरत असू आणि ताई मराठीवर येत. माझी मुलगी घरीही हिंदीत उत्तर देई, त्यामुळे मोकळी मराठी माझ्या कानी पडे ती तेवढीच. एकदा मी घाईने उठले, तर म्हणाल्या, "काहून पळून राहिली? नवऱ्याले एकटं सोडलं तं चालते, याले नाही."

त्या निवृत्त होणार होत्या. सेक्टर दोनमधले क्वार्टर सोडावे लागणार होते. मुलगा नागपूरला बोलावत होता. इथेच नेहरू नगरात भाड्याने घर बघू का, असेही त्या एकदा बोलून गेल्या होत्या. त्यांनी भिलाईतच राहावे, एवढीच माझी इच्छा. ते सांगायचे शब्द मी रोज जुळवून नेत असे आणि तसेच घरी परत आणत असे.

शेवटच्या दिवशी एकच सेन्सर उरला होता. त्याच्या कामाला दोनशे अंशांपर्यंतची तपासणी पुरेशी होती.

"चारशेचाही पॉइंट घेऊन टाकू," ताई म्हणाल्या.

"कशाला, ताई? निवायला किती वेळ लागेल!"

"मंग लागू दे न. तुले का गाडी पकडाची हाय?"

आम्ही बसलो. पडद्यावरचा आकडा सावकाश उतरत होता. सिविक सेंटरमधल्या चाटवाल्याने आता पुदिना कमी केला, नागपूरच्या घराला गॅलरीच नाही, असे काहीबाही त्या बोलत राहिल्या. मग ठोकळ्याकडे पाहत म्हणाल्या, "इकडं आता कोण हाय माह्यं?"

'मी आहे' हे दोन शब्द ओठांपर्यंत आले. मी विचारले, "पंखा अजून चालू ठेवायचा ना?"

त्या म्हणाल्या, "हो. राहू दे चालू."

ठोकळा निवला तेव्हा त्यांनीच बटण बंद केले, पर्स उचलली, 'जय भीम, पोरी' म्हणून माझ्या पाठीवर हात ठेवला आणि गेल्या.

आता नागपूरहून फोनवर त्या विचारतात, "निवला का तुहा ठोकळा?" मी हो म्हणते. ठोकळ्याजवळ मी अजूनही बसते, एकटीच. त्या दिवशी मी 'मी आहे' म्हटले असते, तर त्या राहिल्या असत्या का?