सैंधव चालतं म्हणे

पोट फुगलं तेव्हा कंपनीतल्या सगळ्यांना एका नजरेत निदान कळलं. सुपरवायझर तोंडातला गुटखा गालात सरकवून म्हणाला, "किती वर्षं घेत होतास रे?" मी जन्मात दारूचा थेंब घेतला नाही. पण सांगणार कुणाला? दर शनिवारी बसणारेच मला व्यसनाचे तोटे समजावून गेले.

माझं गाव गडचिरोलीकडं. शाळा आठवीतच सुटली, त्यामुळं रिपोर्टवरचं एक अक्षर कळेना. डॉक्टर बाईंनी कागदावर लिव्हर काढून दाखवलं. बी प्रकारच्या काविळीचा विषाणू कित्येक वर्षं रक्तात गुपचूप बसलेला. त्यानं लिव्हर आतून व्रणांनी भरलं, ते आक्रसून कडक झालं. याला सिरोसिस म्हणतात. झालेलं नुकसान सहसा भरून येत नाही, उरलेलं जपायचं. विषाणूसाठी रोज एक गोळी, पोटात साचणाऱ्या पाण्यासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. "आणि मीठ अगदी कमी, मिठानं पाणी साचतं," त्या म्हणाल्या. मग सुई घालून पोटातलं पाणी काढलं.

इथं शहरात, पुंडलिकनगरात मी भाड्यानं राहतो. घरमालकीण काकूंनी हे ऐकलं आणि काही न मागता दोन्ही वेळचा डबा सुरू केला. परक्या गावात सख्खं तरी कोण एवढं करतं?

"मिठाची काळजी नको करू," काकू म्हणाल्या. "सैंधव उपासाला चालतं, मग आजाऱ्याला का नाय चालणार? लई थंड असतं."

मला एकदम पटलं. आठवीतून पळालेल्याला काहीही पटतं. सैंधवाची भाजी, सैंधवाचं ताक, आणि थंड म्हटल्यावर काकूंचा हातही सैल.

तीन आठवड्यांत पँटचं बटण लागेना. पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. मी गोळ्यांना शिव्या घातल्या. स्वतःची अक्कल सोडून बाकी सगळ्यांवर संशय घेतला.

"मीठ खाता?" डॉक्टर बाईंनी विचारलं.

"अजिबात नाय, मॅडम. फक्त सैंधव."

त्यांचं पेन थांबलं. "अहो, ते देवाच्या उपासाला चालतं, लिव्हरला नाही. सैंधव म्हणजे मीठच. असंच पाणी साचत राहिलं आणि त्यात जंतू झाले, तर जिवावर बेतेल."

पुन्हा सुई. घरी येताना मरणाची भीती होतीच. पण त्याहून जास्त धास्ती काकूंना सांगायचं कसं याची होती. असला शूर मी.

"म्हणजे मी तुला इख घालत होते व्हय?" काकू कडाडल्या.

"नाय हो काकू."

"काल शिकून आलेली डॉक्टर पोरगी मला सैंपाक शिकवणार?"

मी शर्ट वर करून पोटावरची पट्टी दाखवली. काकूंनी ती नीट पाहिली आणि आत गेल्या.

संध्याकाळी डब्यात दुधी आला. लिंबू पिळलेला, मिठाचा कण नाही. रोजच्यासारख्या काकू डबा ठेवून निघून गेल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या.

"खा. मी बी तेच खाल्लंय. जनावर तोंड लावायचं नाय असल्याला."

खरंच, भिंतीचा चुना चाटल्यासारखं लागत होतं. शेवटचा घास गिळेपर्यंत काकू जागच्या हलल्या नाहीत.