गफूरभाईचा लाल दोरा

सोनाळ्याच्या आमच्या वाचनालयात मी झाडझूड करतो, कुलूप उघडतो, लावतो. दिवसभर बसलं की माणसांच्या गोष्टी साचतात, फॅनवर धूळ साचते तशा. धूळ मी पुसतो. गोष्टी पुसाव्याशा वाटत नाहीत.

*

गफूरभाई आमच्या गावचा शिंपी. त्याचे डोळे अधू झाले तेव्हा सेक्रेटरी मिलिंदसरांनी वाचनालयाच्या खात्यावर ईबुकं घेतली आणि एक टॅब त्याच्या हातात दिला. बोटानं अक्षर मोठं होतं हे पाहून तो म्हणाला, "इतकं मोठं तं माहं नावबी कोणी लिहिलं नाही."

वाचून झालं की तो शिलाईचा लाल दोरा काचेवर आडवा ठेवायचा आणि कव्हर बंद करायचा.

"भाई, पान त्याच्या आपोआप लक्षात राह्यते," सर सांगायचे.

"त्याच्या राह्यते हो. माह्या राहाले पाह्यजे ना."

*

सुमनबाई पेपरात कापसाचा भाव पाहायला येतात आणि भाव पाहून पेपराची घडी घालून ठेवतात. एकदा म्हणाल्या, "गफूरभाई वाचते ते पुस्तक माह्या मोबाईलवर टाकून द्या."

सरांनी समजावलं, कंपनीची परवानगी ठरावीक मशीनलाच असते. दुसरीकडे नेलं तर पुस्तक उघडत नाही.

"म्हणजे पैसे आपले, पण घरचं बियाणं धरता येत नाही?"

"तसंच."

"मंग सरळ सांगा ना, पुस्तकबी बीटी बियाणंच निघालं."

त्या साली बोंडअळीनं त्यांचं अर्धं वावर खाल्लं होतं. हसल्या मात्र सगळ्यांच्या आधी त्याच.

*

पुढे गफूरभाईच्या टॅबची बॅटरी फुगली आणि तो बंद पडला. नवा टॅब आला, पण पुस्तक उघडेना. मोजक्या मशीनच्या परवानग्या संपल्या होत्या, आणि त्यातली एक सरांच्या जुन्या फोनवर अडकली होती.

"फोन कुठं हाये?" मी विचारलं.

"फवारणीच्या ड्रमात पडला."

सरांनी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, आधी त्या फोनवरून परवानगी काढा.

"ताई, तो वारला," सर म्हणाले.

सुमनबाई बाजूलाच होत्या. "माह्या सासऱ्याचं नाव राशन कार्डावर अजून हाये. याचंबी राहू द्या."

*

शेवटी एकच मार्ग उरला. सगळ्या मशीनची परवानगी एकदम काढायची आणि नव्यानं द्यायची. असं वर्षातून एकदाच करता येतं. चुकलं तर वर्षभर थांबा.

गफूरभाईचा शेवटचा भाग राहिला होता. तो माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाला, "दादा, पुस्तक वर्षभर थांबन. डोळे थांबतीन काय?"

मी त्याच्यासाठी पाणी आणलं.

सरांनी बटण दाबलं. पुस्तकाला सगळीकडे कुलूप पडलं. सरांनी नव्या टॅबवर पासवर्ड टाकला, चुकला, परत टाकला. गोल चक्र फिरत राहिलं.

मग पुस्तक उघडलं.

गफूरभाईनं अक्षर मोठं केलं. ओठ हलवत एक ओळ वाचली, मग दुसरी. मान हलवली. त्याचंच पान होतं.

त्यानं जुन्या टॅबचं कव्हर उघडलं, लाल दोरा उचलला, नव्या काचेवर त्या ओळीखाली सरळ ठेवला आणि कव्हर मिटलं.

"लावा आता कुलूप, दादा," तो मला म्हणाला.