भाऊबंदांपुरता पिक्चर

त्या श्रावणाच्या अखेरीस सोनगीरच्या योगराजचं कोणी अभिनंदन केलं की त्याच्या मस्तकात तिडीक जायची. आणि अभिनंदन करणारे तर पावलोपावली भेटत होते. चहाच्या टपरीवर, किराणा दुकानात, धुळ्याला जाणाऱ्या एसटीत. कोणीतरी मागून पाठीवर थाप मारायचं आणि म्हणायचं, "योगराजभाऊ, तुमना पिच्चर दखा. भलता मस्त शे!"

"कोठे दखा?" योगराज विचारायचा. उत्तर ठाऊक असूनही विचारायचा.

"मोबाइलवर. फुकटमा!" आणि समोरचा असा हसायचा, जणू फुकटात बघून त्यानं योगराजवरच उपकार केले.

योगराज हा लग्नाची शूटिंग करणारा माणूस. हायवेलगतच्या गाळ्यात त्याचा स्टुडिओ. सोनगीर आणि आसपासच्या गावांतल्या किती नवरदेवांना त्यानं घोड्यावर चढताना टिपलं असेल, त्याची गणती नाही. पण ज्यांच्या घरी त्यानं हळदीपासून पाठवणीपर्यंत पाय मोडेस्तोवर काम केलं, ते लोकही त्याला 'ओ शूटिंगवाले' म्हणूनच हाक मारायचे. लग्नाच्या व्हिडिओत सगळं गाव दिसतं, फक्त शूटिंगवाला दिसत नाही. याचं त्याला आधी काही वाटायचं नाही. पुढे वाटायला लागलं, आणि तेव्हापासून माणूस चिडका झाला.

त्या चिडीतूनच त्यानं अहिराणीत पिक्चर काढला. तसे अहिराणीत विनोदी व्हिडिओ रग्गड निघतात, पण त्याला नवरा-बायकोची लाटणं-मारामारी काढायची नव्हती. त्याची गोष्ट एका म्हातारीची होती. हायवे रुंद झाला त्यात तिची विहीर गेली, तरी ती रोज सकाळी कळशी घेऊन डांबराच्या कडेला जाऊन उभी राहते. म्हातारीचं काम त्याच्या आईनं, यशोदाबाईंनी केलं. त्यांना अभिनय येत नव्हता, म्हणून त्यांनी केलाच नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. लग्नाच्या दोन तिथींमध्ये जेवढी उसंत मिळेल तेवढ्यात शूटिंग करत योगराजनं तो पिक्चर तडीस नेला.

आणि मग खरोखरच नशीब फळफळलं. बोलीभाषांतले चित्रपट दाखवणारं एक ॲप पुण्यातून चालत होतं. त्यांनी पिक्चर बघितला आणि घ्यायचं कबूल केलं. पहिल्या पानावर योगराजचं नाव, आणि दुसऱ्या पिक्चरसाठी त्यांचाच कॅमेरा, त्यांचीच माणसं. दुसरी गोष्ट त्याच्या डोक्यात तयारच होती, वरातीतल्या घोडेवाल्याची. अट एकच होती. सही होऊन पिक्चर ॲपवर येईपर्यंत तो कुठंही दिसता कामा नये.

योगराजनं पिक्चर जिवापाड जपला. स्टुडिओतल्या कॉम्प्युटरला कुलूप लावायचं तेवढं बाकी ठेवलं. मुलगी मयुरी धुळ्याला कॉलेजात जायची, तिच्याही मोबाइलमध्ये टाकून दिला नाही. एवढं सगळं केलं, आणि मग कानबाई आली.

खानदेशात कानबाई म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते. सुरतेला, नाशिकला पोटापाण्यासाठी गेलेला सगळा गोतावळा त्या दिवशी गावी येतो. घरातल्या पुरुषांच्या हिशेबानं गहू मोजून घेतात, त्याचे रोट होतात, आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे असतात. परक्याच्या ताटात त्यातला तुकडा पडत नाही. पण भाऊबंद म्हटला की त्याच्यापासून हात आखडताही येत नाही. मग तो वर्षभर तुमच्याशी बोलत नसला तरी चालेल.

जेवणं उरकल्यावर कुळातले थोरले बन्सीलाल आबा ओट्यावर टेकले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "योगराज, आमले नही दखाडस का तुना पिच्चर? आमी काय परका शेत?"

आता यावर माणूस काय बोलणार! कानबाई चौरंगावर बसलेली, तोंडात अजून रोटांची चव, आणि थोरला माणूस विचारतोय, आम्ही परके का? योगराजनं भिंतीवर चादर बांधली आणि पिक्चर लावला. बाया रडल्या. आबांनी उपरण्यानं डोळे पुसले. इथंच थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण आबांना न आलेल्यांची आठवण झाली. म्हणाले, "सुरतमा जे राही ग्यात, त्यास्ले कोन दखाडी?"

सुरतेच्या चुलतभावाचा, भूपेंद्रचा, पेन ड्राइव्ह तयारच होता. योगराजनं तो हातात घेतला, जरा घुटमळला, आणि अख्खा पिक्चर त्यात भरून दिला. देताना एवढंच बजावलं, "भूपेंद्र, भाऊबंदना बाहेर हाई जावाले नको."

"कानबाईनी आन, भाऊ," भूपेंद्र म्हणाला.

योगराजला ते पुरलं. रोट कधी बाहेर गेले नाहीत, तर पिक्चर कसा जाईल, असं त्याचं गणित. शिकलासवरलेला, कॉम्प्युटरवर दिवस काढणारा माणूस, पण त्या घटकेला त्याला पेन ड्राइव्ह आणि पितळी डब्यातला रोट यांत फरक दिसला नाही. रोट दिला की आपल्याकडचा कमी होतो. पिक्चर दिला की होत नाही, नुसता वाढत जातो. हे कळायला त्याला फार दिवस लागले नाहीत.

श्रावण संपायच्या आत पिक्चर टेलिग्रामवर होता. मग कुठल्या कुठल्या चॅनेलवर निरनिराळ्या नावांनी. योगराजनं भूपेंद्रला फोन लावला आणि तोंडाचा पट्टा सोडला. भूपेंद्रनं सगळं ऐकून घेतलं.

"भाऊ, मी बाहेर कोठे दिधा? मना सालाले दिधा. तो काय परका शे?"

साला म्हणजे बायकोचा भाऊ. साल्यानं त्याच्या चुलत्यांना दिला, चुलत्यांनी त्यांच्या जावयांना. प्रत्येकानं शपथ पाळली होती. प्रत्येकानं फक्त आपापल्या भाऊबंदांनाच दिला होता. योगराजला शिव्या घालायलाही धड माणूस सापडेना. एखादा बदमाश निघाला असता तर त्याची मानगूट तरी धरता आली असती. इथं सगळेच सज्जन, सगळेच नातलग, आणि पिक्चर गेला तो गेलाच.

ॲपवाल्या बाईंचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत, हेच त्याला जास्त लागलं. पोलिसांत तक्रार करा, सगळीकडून पिक्चर खाली उतरवा, मग बघू, असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

यशोदाबाई चुलीपुढून म्हणाल्या, "अरे, लोके दखी राहिनात ना? मंग रडस कसाले?" त्यांचं खोटं नव्हतं. गावात त्यांना आता पोरीबाळी वाकून नमस्कार करायच्या. योगराज नुसता पाय आपटत घराबाहेर पडला.

धुळ्याच्या सायबर पोलिसांत तो गेला तो दिवस शनिवारचा. बाई अधिकारी होत्या, नीट बोलल्या, खुर्ची दिली. "फाइल तुमच्याकडून पहिल्यांदा कोणाला गेली?" त्यांनी विचारलं.

भूपेंद्रचं नाव सांगायचं म्हणजे सुरतेला पोलीस जाणार, आणि मग पुढं जन्मभर आबांना तोंड कसं दाखवायचं?

"बरं, ते सावकाश सांगा," त्या म्हणाल्या. "पिक्चर तुमचाच हे दाखवावं लागेल. तुमचा कॉम्प्युटर पुरावा म्हणून जमा होईल. एडिटिंग कुठल्या सॉफ्टवेअरवर केलंत? त्याचं बिल असेल ना?"

बिल! ते सॉफ्टवेअर त्यानं काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या हार्ड डिस्कवरून उतरवून घेतलं होतं. धंद्यातले सगळे तसंच करायचे. त्याला कोणी चोरी म्हणत नसे, क्रॅक म्हणत. शिवाय लग्नाच्या व्हिडिओंना लावायला हिंदी गाण्यांची भली मोठी पेटी त्याच कॉम्प्युटरात पडलेली. ती गाणी कोणी लिहिली, कोणी गायली, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. "आणतो," असं काहीतरी पुटपुटून तो बाहेर आला. त्याला पोलिसांचा राग आला, भूपेंद्रचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. पण स्वतःचा राग कुठं काढायचा, याची सोय नसते.

मयुरीच्या कॉलेजात त्या दिवशी वादविवाद स्पर्धा होती. ती संपली की तिला मोटारसायकलवर घेऊन घरी जायचं ठरलं होतं. वेळ होता म्हणून तो सभागृहात मागच्या रांगेत जाऊन बसला. फळ्यावर विषय लिहिला होता: डिजिटल पायरसी कायदेशीर करावी का?

त्याला वाटलं, आपल्याला चिडवायलाच कोणी हे लिहून ठेवलंय.

भूषण नावाचा मुलगा विरोधात बोलला. परदेशी कंपन्यांचं किती नुकसान होतं याचे भलेमोठे आकडे त्यानं धडाधड म्हणून दाखवले. योगराज मान डोलावत होता, पण आतून त्याला कंटाळा येत होता. आपल्या बाजूनं बोलणारा माणूस इतका कोरडा का, याचाही त्याला वैताग आला. मग बाजूनं बोलायला उठली ती मयुरी. आपल्या वाट्याला कुठली बाजू आली, हे तिनं घरी सांगितलं नव्हतं.

"चोर म्हणणं सोपं आहे," मयुरी म्हणाली. "पण जिथं दुकानच नाही, तिथं विकत घ्यायचं कुठून? आमच्या गावात थिएटर नाही. मोठ्या ॲपवर आमची भाषा नाही. इथं बसलेल्यांपैकी किती जण कॉपी केलेल्या पुस्तकांवर परीक्षा पास झालेत, हे मला विचारायला लावू नका. स्वतःपुरतं बघणाऱ्याला, वाचणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नका. त्यावर जाहिराती लावून जो कमावतो, त्याच्याकडून बनवणाऱ्याचा वाटा घ्या. आत्ताचा कायदा बघणाऱ्याला भीती दाखवतो आणि बनवणाऱ्याला काहीच देत नाही."

टाळ्या पडल्या. योगराजचे कान तापले. घरची पोरगी चार लोकांत आपल्याच पोटावर पाय देतेय, असं त्याला झालं. आणि त्याहून वाईट म्हणजे तिच्या बोलण्यात खोट काढता येईना. तो दुकान नसलेल्या गावातलाच होता. क्रॅकवर जगलेलाही तोच.

सूत्रसंचालकानं प्रेक्षकांतून प्रश्न मागितले, तसा तो उठला. स्टेजवर मयुरीचा चेहरा उतरला.

"मला प्रश्न मयुरीला नाही," योगराज म्हणाला. "सगळ्यांनाच आहे. ती कळशीवाली म्हातारी, हायवेच्या कडेला उभी राहते, तो अहिराणी पिक्चर किती जणांनी बघितला?"

सभागृहात एकदम कालवा झाला. "भारी आहे!" कोणी ओरडलं. मागून पुढपर्यंत हातच हात वर झाले. परीक्षकांनीही हसत हात वर केला. क्षणभर योगराजची छाती भरून आली, नाही म्हणायचं कारण नाही.

"आता सांगा," तो म्हणाला, "तो बनवला कोणी?"

हात खाली आले. पोरं एकमेकांकडं बघू लागली. कोणी म्हणालं, सुरतेचा कोणीतरी आहे. कोणी त्या चॅनेलचं नाव घेतलं. फिरता फिरता कोणीतरी पिक्चरच्या सुरुवातीची आणि शेवटची नावं कापून टाकली होती. बघणाऱ्यांचाही त्यात काय दोष!

सगळ्या सभागृहात एकच हात वर होता, स्टेजवर. मयुरीनं तो वर धरून ठेवला होता आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माझे पप्पा," ती माइकमध्ये म्हणाली. "योगराज पाटील, सोनगीर."

मग काय विचारता! टाळ्यांनी छप्पर दणाणलं. बाहेर पडताना पोरांनी त्याला गराडाच घातला. सेल्फी काय, पाया पडणं काय. एक मुलगी म्हणाली, "काका, माझी आजी तो पिक्चर रोज बघते." ते तिनं इतक्या जिव्हाळ्यानं सांगितलं की त्याला तिच्यावर चिडताही येईना.

भूषणनं पुढं होऊन हात मिळवला. मघाशी पायरसीविरुद्ध बोललेला तोच. "काका, दुसरा पार्ट कधी येतोय?" त्यानं हसून विचारलं. "आला की आमच्या ग्रुपवर लिंक टाका ना."

योगराजनं त्याच्याकडं बघितलं. पोरगा मनापासून विचारत होता.

"दुसरा नाही," योगराज म्हणाला. "सोमवारपासून लग्नाच्या ऑर्डरी घेतोय."

घरी, दारी, अगदी त्या ॲपवाल्या बाईंनाही तो हे बोलला नव्हता. मयुरी पहिल्या नंबरची ढाल घेऊन शेजारीच उभी होती. तिनं ती ओढणीखाली घेतली आणि मोटारसायकल कुठं लावलीय, एवढंच विचारलं.